दोष आढळला नाही

अंबाबाई खोटं बोलते, असं मला लेखी द्यायचं होतं. शब्द अर्थात सभ्य होते. फॉर्मवर ते छापूनच येतात, ‘तपासणीत दोष आढळला नाही’, आणि खाली तंत्रज्ञाची सही. तंत्रज्ञ म्हणजे मी, हर्षद. मशीनमध्ये दोष नाही म्हटलं की दोष कुणात उरतो, हे वेगळं लिहावं लागत नाही.

कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक टॉवर आहे. चौदा मजले, छप्पन्न फ्लॅट, आणि सोमवार ते शुक्रवार त्यात राहायला कबुतरं. मालक सगळे मुंबईचे. शनिवारी येतात, बाल्कनीत बसून डोंगराचे फोटो काढतात, रविवारी संध्याकाळी जातात. बाकीचे पाच दिवस तिथे दोनच माणसं, गेटवर नागू वॉचमन आणि झाडायला अंबाबाई. लॉबीत लिफ्टशेजारी पितळी पाटी आहे: ‘कामगार, डिलिव्हरी व घरकाम मदतनीस यांनी जिन्याचा वापर करावा.’ जिन्याचा वापर करावा! म्हणजे पंचावन्न वर्षांच्या बाईनं गुडघे धरत चौदा मजले चढायचे आणि कबुतरांसाठी लिफ्ट मोकळी ठेवायची.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी अंबाबाई अकराव्या मजल्यावरून लिफ्टनं खाली यायला निघाली. मंगळवारी आमच्याकडे लाईनच्या कामासाठी लाईट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. साडेदहाला गेली, चारला आली. साडेपाच तास ती बाई मध्येच लटकली होती. तिचं म्हणणं, बोट सुजेपर्यंत घंटेचं बटण दाबलं, घंटा वाजली नाही. लिफ्टच्या लॉगचं, म्हणजे मशीन आपली आपण ठेवतं त्या नोंदीचं म्हणणं, बटण एकदाही दाबलं गेलं नाही. आणि तिला आत लघवी झाली.

सोसायटीचा सेक्रेटरी अनुपम. त्यानं आमच्या कंपनीला मेल लिहिली: सदर महिला लिफ्टमध्ये लपून झोपली, लिफ्ट घाण केली आणि आता मशीनवर आळ घेते आहे, तरी तपासणी करून अहवाल द्यावा. अहवाल आला की तिचा फोटो तो सगळ्या कॉम्प्लेक्सच्या सेक्रेटऱ्यांच्या ग्रुपवर टाकणार होता. एकदा तो फोटो पडला की कर्जतपासून नेरळपर्यंत एकाही गेटातून तिला आत घेतलं नसतं. तिला दुसरं काम येत नाही, आणि त्या भागात दुसरं काम उरलेलंही नाही. शेतं होती तिथे टॉवर आहेत.

तो लॉग माझा होता. लिफ्टच्या डब्यात एक कार्ड असतं, तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटरच. त्यातला प्रोग्राम मी लिहिलाय.

मी चौकजवळच्या गावचा. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स. कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा चालवणारा प्रोग्राम, शिकलो तो मोबाईलवर, दुसऱ्यांचा कोड वाचून, गोठ्याच्या माळ्यावर बसून, कारण तिथे रेंज यायची. खालापूरला देवव्रत साहेबांचं लिफ्टची कार्डं बनवायचं युनिट आहे. त्यांनी मला घेतलं आणि त्याच दिवशी माझी मूळ सर्टिफिकेटं आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तीन वर्षांचा बाँड. गिऱ्हाईक आलं की खांद्यावर हात ठेवून ओळख करून देतात, ‘हा आमचा कर्नलवाला.’ गिऱ्हाईक गेलं की हात काढतात.

आता हे झोपेचं प्रकरण सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

प्रोसेसरला काम नसलं की तो नुसता बसून वीज खातो. म्हणून कर्नल, म्हणजे आतला मुकादम, त्याला झोपवतो. किती गाढ झोपवायचं याच्या पायऱ्या असतात. आमच्या कार्डात तीन. पहिलीत नुसता डोळा लागतो, हाक मारली की उठतो. दुसरीत जरा जास्त. तिसरीत जवळजवळ मेल्यासारखा. वीज शून्यावर येते, अवयव एकेक करून बंद. जितका वेळ शांतता, तितकी खालची पायरी. या पायऱ्या मांडून देणारा कोडचा तुकडा, ड्रायव्हर, तो माझा. लाईट गेली की कार्ड बॅटरीवर चालतं. माझ्याआधी ती बॅटरी दोन तास टिकायची. माझ्या तिसऱ्या पायरीनं अकरा तास. त्या दिवशी देवव्रत साहेबांनी अख्ख्या शेडला पेढे वाटले. मी तीन खाल्ले.

लाईट गेल्यावर डबा बॅटरीवर जवळच्या मजल्याला आणून दार उघडायची सोयही आमच्या लिफ्टमध्ये आहे. पण त्यात बॅटरी जाते. म्हणून साहेबांनी ठरवलं, आतून कुणी घंटेचं बटण दाबलं तरच हे करायचं. रिकामा डबा कशाला हलवा?

सोमवारी साहेबांनी मला बोलावून मेल दाखवली. म्हणाले, “उद्या जाऊन ये. दोन फोटो, पाच टेस्ट, फॉर्म भर आणि ये. बाईमाणसाच्या भानगडीत पडू नको.”

मी म्हटलं, “लॉग क्लीन आहे सर. बाई फेकतेय.”

हो, मी असं म्हणालो. लपवत नाही.

मंगळवारी साडेनऊला पोचलो. अनुपम मुद्दाम मुंबईहून आला होता, हाफ पँट, पांढरे बूट. लॉबीतल्या सोफ्यावर तो बसला होता आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर अंबाबाई. तिला कामावरून थांबवलं होतं, पण निकाल ऐकायला बोलावलं होतं.

मी कार्डाला वायर जोडली, वायरचं दुसरं टोक लॅपटॉपला. म्हणजे आत काय चाललंय ते मला स्क्रीनवर दिसतं. नागूनं मीटररूममध्ये मेन स्विच पाडला. मी बटण दाबलं. घंटा कडकडून वाजली, डबा हळूच मजल्याला लागला, दार उघडलं. अनुपमनं टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. मी पाच वेळा केलं. पाचही वेळा घंटा.

“झालं तर मग,” अनुपम म्हणाला. “ऐकलंस ना मावशी? की कान पण खराब आहेत?”

अंबाबाई माझ्याकडे बघत होती. “साहेब, माझ्या टायमाला ही वायर नव्हती.”

“घ्या! इंजिनियर बाई,” अनुपम हसला. मीही हसलो.

“वायर नुसती बघायला असते मावशी,” मी म्हटलं. “तिचा घंटेशी काय संबंध?”

“आनि तुमी लगेच दाबता.”

“मग कधी दाबायचं?”

“मी वीस-पंचवीस मिंटं गप बसले. म्हटलं लाईट येईल, गुपचूप भायेर पडू. कोनाला कळायला नको आपून यातनं आलो ते. मंग जीव घाबरला तवा दाबलं.”

“बघा. लपूनच बसली होती. स्वतःच्या तोंडानं सांगतेय,” अनुपम उठला. त्याला नेरळच्या नर्सरीतून कुंड्या आणायच्या होत्या. उचलायला त्यानं नागूला गाडीत घेतलं. मला म्हणाला, “दोनपर्यंत येतो, फॉर्म तयार ठेव.” आणि अंबाबाईला म्हणाला, “तोवर गेटवर बस. कुणाला आत सोडू नको.”

म्हणजे चोर ठरवायची तीच, आणि गेट राखायचं तिनंच.

मी फॉर्म काढला. तारीख टाकली, लिफ्टचा नंबर टाकला. सही करणार तेवढ्यात ती वायर डोळ्यांसमोर आली. काही सुचलं म्हणून नाही. राग आला म्हणून. एक झाडूवाली मला शिकवणार? म्हटलं, एकदा बिनवायरीचं करतो आणि तिच्या तोंडावर फॉर्म मारतो. मेन पाडायला नागू नव्हता, पण मंगळवारची लाईट जाणारच होती. वायर काढली, लॅपटॉप सोफ्यावर ठेवला, फॉर्म आणि पेन खिशात घातलं, पाण्याची बाटली घेतली, अकराव्यावर गेलो आणि तसाच खाली यायला निघालो. पावणेअकराला, सातवा सोडून सहाव्यावर पोचायच्या आत, लाईट गेली.

मला आनंद झाला, खरं सांगतो. सगळं तिच्यासारखंच जुळून आलं होतं. दाबलं असतं लगेच, तर वाजली असती. पण म्हटलं नाही, पूर्ण हौस भागवू हिची. वीस मिनिटं गप बसू. खाली बसलो, घड्याळ लावलं.

एप्रिल महिना. पंखा बंद. दहाव्या मिनिटाला शर्ट पाठीला चिकटला. विसाव्या मिनिटाला उठलो आणि बटण दाबलं.

घंटा वाजली नाही.

पुन्हा दाबलं. दाबून धरलं. अंगठ्यानं, मग तळहातानं. नंतर मुठीनं. कुठेच काही नाही. बटणामागचा लाल दिवासुद्धा लागला नाही. माझ्याच हाताखाली माझंच मशीन मेलं होतं.

आणि मग एकेक करून कळत गेलं, जसं ताप चढतो तसं.

पहिली ती वायर. लॅपटॉप जोडला की कार्डाला त्याच्याशी बोलत राहावं लागतं. बोलायचा भाग जागा ठेवावा लागतो. तो जागा असला की प्रोसेसर दुसऱ्या पायरीच्या खाली जातच नाही. हे पुस्तकात आहे, माझ्या वहीत माझ्या अक्षरात आहे. आठ महिने मी ज्या टेस्ट केल्या त्या सगळ्या वायर लावून केल्या. मी बघत असलो की तो जागा. मी बघायचा थांबलो की मेलेला. मी त्याला खऱ्या झोपेत कधी पाहिलंच नव्हतं.

मग बटण. घंटेचं बटण कार्डाच्या ज्या भागाला जोडलंय, त्याची वीज तिसऱ्या पायरीत तुटते. ड्रायव्हरनं मुकादमाला एक गोष्ट सांगायला हवी होती, ‘या बटणाकडे कान ठेवायचाय, दुसरीच्या खाली नेऊ नको.’ एका ओळीचं काम. ती ओळ मी घातलीच नव्हती, कारण वायर असताना तिच्याविना सगळं चालत होतं. तिसऱ्या पायरीतून उठवणाऱ्या गोष्टी दोनच: लाईट परत येणं, आणि बाहेरून मजल्यावरचं बटण कुणी दाबणं, कारण ते वेगळ्या वाटेनं येतं. आतल्या माणसाच्या हातात काहीही नाही.

शेवटचं कळलं तेव्हा मी खाली बसलो. हा प्रोग्राम लिफ्टमध्ये गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत एकाही फ्लॅटवाल्याची तक्रार नव्हती. का? फ्लॅटवाल्याची लिफ्ट अडकली की तो दुसऱ्या सेकंदाला बटण दाबतो. बोंबलतो. त्याच्या बापाची लिफ्ट आहे. कार्डाला झोप लागायच्या आत घंटा वाजते. माझ्या ड्रायव्हरला कार्ड गाढ झोपवायला शांतता हवी, दहा-पंधरा मिनिटांची. अडकलेला माणूस दहा-पंधरा मिनिटं शांत कधी बसेल? इथे असल्याचंच ज्याला भय आहे, तोच बसेल. म्हणजे हा दोष फक्त पाटी वाचून घाबरलेल्या माणसाला गाठणार होता. मी असं मशीन बनवलं होतं की जे भित्र्यालाच मारतं.

फोनला रेंज नव्हती. स्टीलच्या पेटीत कुठून येणार? ओरडलो. दारावर बुक्के मारले. चौदा मजल्यांत माझा आवाज फिरून माझ्याकडेच आला. कुणी नव्हतंच. मुंबईत असतील सगळे, एसीत. तासाभरानं छतातला छोटा दिवा पिवळा झाला, मग गेला. दाराच्या फटीतून एक राखाडी रेघ येत होती तेवढीच. बोटं घालून आतलं दार चार बोटं सरकवलं. समोर भिंत, आणि खालच्या बाजूला सहाव्या मजल्याच्या दाराचा वरचा भाग, बंद.

मला वाटत होतं भिंती जवळ येतायत. येत नव्हत्या, मला माहीत होतं. तरी मी हात लांब करून त्या मोजत होतो. लाईट चारला आली तर चार. नाही आली तर? गेल्या महिन्यात एकदा रात्री नऊला आली होती. साडेबाराला मला ते झालं जे होतंच. मी बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि बाटलीत लघवी केली. अंधारात, अर्धी हातावर.

अंबाबाईकडे बाटली नव्हती.

दीड वाजून गेला असेल. जिन्यावर पाय ऐकू आले. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा.

“कोन हाय रं आत?”

“मी! मावशी, मी!”

“मी कोन?”

“हर्षद. लिफ्ट तपासायला आलोय तो.”

“साहेब? तुमी व्हय? तुमचा लापटाप एकटाच बसलाय सोफ्यावर, म्हनून बघाया आले. आत काय करताय?”

“अडकलोय.”

“मंग घंटा वाजवा की.”

मी मेलेल्या बटणावर पुन्हा अंगठा दाबला.

“साहेब?”

“वाजत नाही.”

“आं?”

“वाजत नाही मावशी.”

“मोठ्यानं सांगा. जिन्यात घुमतंय, नीट कळत नाय.”

“वाजत नाही!” मी किंचाळलो. “घंटा वाजत नाही! तुम्ही खरं बोलत होता!”

बाहेर आवाज झाला. ती पायरीवर बसल्याचा, झाडू भिंतीला टेकवल्याचा.

“थांबा जरा. सा मजले चढले. गुडघ्यांनी बोंब मारलीय.”

“मावशी, दाराशेजारी बटण आहे. ते एकदा दाबा. एकदाच. लगेच उठेल ते.”

“नाय.”

“काय नाय?”

“आज सकाळी माझी सही घेतली सेक्रेटरीनं. लिफ्टच्या कोनत्याच बटनाला हात लावनार नाय म्हनून. वर कॅमेरा हाय. त्याची बॅटरी वायली हाय, लाईट गेली तरी बघतो तो.”

“अहो माणूस अडकलाय आत!”

“मागल्या मंगळवारी पन अडकलेलं.”

म्हटलं, “फोन करा अनुपमला.”

“लापटाप एकटाच दिसला तवा दोनदा केला. माझा नंबर बघून कशाला उचलंल तो?”

“मग मी सांगेन त्याला. मी सांगितलं म्हणून दाबलं म्हणून. माझी जबाबदारी.”

“तुमी सकाळी पन सांगितलंत की. वायरीचा काय संबंध नाय म्हनून. हसलात पन.”

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हिशेब लावल्यासारखं बोलत होती. मग म्हणाली, “लिहून द्या.”

“काय?”

“आता जे ओरडलात ना, तेच. माज्या सहीचा कागद त्याच्याकडं हाय, तसा तुमचा माज्याकडं. टाईम टाका. गेटवरच्या वहीत टाईम नसंल तर एंट्री धरत नायत.”

फॉर्म खिशातच होता. मोबाईलच्या उजेडात, मांडीवर ठेवून, मी ‘दोष आढळला नाही’ वर काट मारली आणि लिहिलं: दोष आहे. लाईट गेल्यावर वीस मिनिटांनी घंटेचं बटण चालत नाही. दोष माझ्या प्रोग्रामचा. अंबाबाईंनी सांगितलेलं खरं आहे. वेळ एक पंचेचाळीस. सही. पोटावर झोपून हात खाली सोडला आणि सहाव्याच्या दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून कागद बाहेर ढकलला. तिनं ओढून घेतला.

ती वाचत होती. एकेक अक्षर तोंडानं. ‘दो-ष आ-हे.’ मी अंधारात पडून माझाच कबुलीजबाब दुसऱ्याच्या तोंडून हप्त्याहप्त्यानं ऐकत होतो. ‘प्रोग्राम’ला ती अडली, मी सांगितला. सही तिनं दोनदा बघितली असावी.

“बरं. उठा आता. पाय आत घ्या.”

तिनं झाडूच्या दांड्यानं बटण दाबलं. हातानं नाही. सहीत हात म्हटलं होतं.

आत कुठेतरी टिक् झालं. मी बटणावर झडप घातली. घंटा अशी वाजली की मला रडू फुटलं. डबा सरपटत खाली आला, दार उघडलं. अंबाबाई समोर उभी. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून हातातल्या बाटलीवर गेली.

“तुमच्याकडं बाटली होती,” ती म्हणाली. “बरं हाय.”

मी आधी खाली जाऊन लॅपटॉप आणला आणि सहाव्यावरच्या डब्यातच जोडून लॉग उघडला. दहा सत्तावन्न: शांत. त्यानंतर एक एकोणपन्नास: मजला सहा, बाहेरून हाक. मधल्या तीन तासांत काहीच घडलेलं नव्हतं. माझे बुक्के नाहीत, किंकाळ्या नाहीत. मी तिथे नव्हतोच.

देवव्रत साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते एकदम प्रेमळ झाले. “ऐक. ती ओळ आपण पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप टाकू. पावणेदोनशे लिफ्ट आहेत आपल्या, बोभाटा झाला तर युनिट बसेल. फॉर्म नवीन भर. तो कागद तिच्याकडून घे. तिला मी दुसरीकडे चिकटवतो.”

“तिचा फोटो जाणार आहे ग्रुपवर, सर.”

“जाऊ दे ना रे. आणि तुझ्याकडे पुरावा काय? लॉगमध्ये तू आहेस कुठे?”

“अंबाबाई साक्षीदार आहे.”

ते हसले. “तिची साक्ष?”

“तिची नाही चालत. लॉगची चालते. आणि लॉग मी लिहिलाय सर. तो मला सुद्धा खोटा पाडतोय.”

“हर्षद, तुझी सर्टिफिकेटं माझ्या कपाटात आहेत.”

“ठेवा,” म्हटलं. “वाळवी लागणार नाही असं बघा.” आणि फोन कापला.

अडीचला अनुपम कुंड्या घेऊन आला. अंबाबाईनं ब्लाऊजातून कागद काढून त्याच्यासमोर धरला, दोन बोटांत, सोडला नाही. त्यानं तसाच वाचला. मोठा समजूतदार चेहरा केला. “ठीक आहे. खोटी नाहीस, मान्य. फोटो नाही टाकणार. पण लिफ्टमध्ये होतीसच ना? नियम मोडलास तो मोडलासच. उद्यापासून येऊ नको.”

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा हललाही नाही. तिला हे आधीपासून माहीत असल्यासारखं.

मी गाडीच्या डिकीतून साखळी आणि लाल पट्टी आणली. धोकादायक लिफ्ट बंद करायचा अधिकार फॉर्म भरणाऱ्याला असतो. आजवर मी तो कधी वापरला नव्हता. तळमजल्याच्या दाराला कुलूप ठोकलं. दुसरा फॉर्म भरला. त्याच्या मागल्या बाजूला ‘दुरुस्ती’ असा रकाना असतो, त्यात दोन गोष्टी लिहिल्या. प्रोग्राममध्ये ओळ घालणे. लिफ्टशेजारची पाटी काढणे. दोन्ही झाल्याशिवाय लिफ्ट सुरू करू नये.

“पाटीचा आणि सॉफ्टवेअरचा काय संबंध?” अनुपम लालबुंद झाला.

“सकाळी वायरीबद्दल मीही हेच म्हणालो होतो,” मी म्हटलं. “पाटी आहे तोवर आत अडकलेलं माणूस घाबरून गप बसणार. गप बसलं की मशीन झोपणार. पाटी दोषाचा भाग आहे. आणि ही बाई गेली तर कुलूप काढायला मी येणार नाही. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नाही, साहेबांना विचारा.”

“तू मला ब्लॅकमेल करतोयस?”

“शनिवारी चौदा मजल्यांवर म्हातारेकोतारे येतील ना? त्यांना जिना दाखवा. चांगला जिना आहे. रोज झाडलेला असतो.”

नागूनं खाली मान घालून कुंडी उचलली. हसत होता हरामखोर.

शुक्रवारी सकाळी साहेबांचा फोन आला, आवाज बर्फासारखा. पाटी काढलीय, बाई कामावर आहे, जा आणि कुलूप काढ. पितळी पाटीच्या जागी भिंतीला चार भोकं होती. मी ओळ घातली, वायर काढली, आत जाऊन बसलो. नागूनं मेन पाडला. अंबाबाई सहाव्यावर झाडू घेऊन उभी राहिली, मी न सांगता. पंचवीस मिनिटं. मला घाम फुटला, पण बसलो. मग दाबलं.

वाजली.

“परत वाजवा,” बाहेरून ती म्हणाली.

परत वाजवली.

“अजून एकदा.”

फॉर्मवर ‘तपासणीवेळी उपस्थित’ असा रकाना असतो. कुणी भरत नाही. तिनं जपून, रेघ न सोडता, पूर्ण नाव लिहिलं. मी म्हटलं, मावशी, चला सोडतो वर, आता चालतं.

“तुमी बसा त्या डब्यात,” ती म्हणाली आणि जिना चढायला लागली. दोन पायऱ्या, थांबा.

मी अजून तिथेच आहे. साहेब मला काढू शकत नाहीत, कारण ती ओळ बाकीच्या सगळ्या लिफ्टमध्ये घालणारं दुसरं कुणी नाही. आणि मी सुटू शकत नाही, कारण कपाटाला कुलूप आहे आणि बाँड सव्वा वर्ष उरलाय. लिफ्टची यादी माझ्या खिशात असते. रोज एक-दोन होतात. खोपोली, खालापूर, नेरळ. प्रत्येक लॉबीत पाटी आहे, कुठे पितळी, कुठे प्लास्टिकची, शब्द तेच. प्रत्येक फॉर्मच्या मागे मी तेच दोन मुद्दे लिहितो. अर्धे सेक्रेटरी भांडतात, अर्धे पाटी पडद्यामागे सरकवतात. आणि प्रत्येक ठिकाणी मला वायर काढून, आत बसून, पंचवीस मिनिटं गप राहावं लागतं. दार मिटतं तेव्हा बाटली मांडीशी असते, आणि बोट आधीच बटणावर.

अजून एकशे बेचाळीस उरल्यात.